निळ्या स्वेटरची वंशावळ
'द डेव्हिल वेअर्स प्राडा' : कार्यालय, सत्ता आणि प्रतिनिधित्व

२०२५च्या जून महिन्यात चार दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २२ जूनला मिलान शहरात 'प्राडा' या इटालियन कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. त्यात मॉडेलांच्या पायांत दिसलेल्या चपला पाहून कोल्हापुरातल्या कुणालाही त्यांचे नाव विचारावे लागले नसते. २६ जूनला ॲना विंटूर यांनी अमेरिकन 'व्होग'च्या संपादकपदावरून बाजूला होत असल्याचे आपल्या सहकाऱ्यांना सांगितले. त्या पदावर त्या १९८८पासून होत्या. या दोन घटनांचा एकमेकींशी तसा काहीच संबंध नाही. मात्र २००६ साली आलेल्या एका विनोदी चित्रपटात त्या दोन्हींचे धागे सापडतात. त्या चित्रपटाच्या नावात 'प्राडा' आहे आणि त्याची नायिका (की खलनायिका?) विंटूर यांच्यावर बेतलेली आहे, असे सर्वत्र मानले जाते.

'द डेव्हिल वेअर्स प्राडा' हा चित्रपट मी गेल्या काही वर्षांत अनेकदा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी एकाच प्रश्नाची वही हाती धरून: इथे कोण दिसते, आणि कोणाच्या वतीने कोण बोलते? इंग्रजीत या दोन्हींसाठी 'रिप्रेझेंटेशन' हा एकच शब्द चालतो. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. पडद्यावर एखाद्या समाजाचे वा वर्गाचे दर्शन घडते ते 'चित्रण'. सभेत, न्यायालयात, करारावर सही करताना कुणी त्याच्या वतीने उभे राहते ते 'प्रतिनिधित्व'. चित्रण झाले म्हणजे प्रतिनिधित्व झाले, असे होत नाही. हा फरक मनात ठेवून पाहिले, तर वरवर चुरचुरीत वाटणारा हा चित्रपट बराच खोल जातो आणि कुठे थांबतो तेही कळते.

तीन मैत्रिणींपासून एकट्या अँडीपर्यंत

कथा सर्वांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून शिकून आलेल्या अँड्रिया ऊर्फ अँडी सॅक्सला (ॲन हॅथवे) पत्रकार व्हायचे आहे. नोकरी मिळते ती 'रनवे' या फॅशन मासिकाच्या संपादिका मिरांडा प्रिस्टली (मेरिल स्ट्रीप) यांची दुय्यम सहायक म्हणून. कॉफी आणणे, कोट टांगणे, मुलींचा गृहपाठ पोहोचवणे, वादळात अडकलेल्या बाईंसाठी विमान शोधणे, असली कामे. अँडी हळूहळू त्या जगात मुरते, वरिष्ठ सहायक एमिलीची (एमिली ब्लंट) पॅरिसवारी तिच्या वाट्याला येते, आणि पॅरिसमध्येच तिला मिरांडाच्या राजकारणाचा खरा चेहरा दिसतो. ती नोकरी सोडते. लॉरेन वाइसबर्गर यांच्या २००३ सालच्या कादंबरीवरून अलीन ब्रॉश मकेना यांनी पटकथा लिहिली आणि डेव्हिड फ्रँकेल यांनी दिग्दर्शन केले. वाइसबर्गर स्वतः 'व्होग'मध्ये विंटूर यांच्या सहायक होत्या. सुमारे साडेतीन कोटी डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात बत्तीस कोटींहून अधिक डॉलर मिळवले.

कार्यालयातल्या बाईवरचा विनोदी चित्रपट हॉलिवूडला नवा नव्हता. १९५७च्या 'फनी फेस'मध्ये के टॉमसन यांनी फॅशन मासिकाची हुकूमशहा संपादिका रंगवली होती. मला मात्र तुलनेसाठी अधिक उपयोगी वाटतो तो १९८०चा 'नाइन टू फाइव्ह'. १९७३ साली बॉस्टनमध्ये कार्यालयीन कर्मचारी स्त्रियांची 'नाइन टू फाइव्ह' याच नावाची संघटना उभी राहिली होती, आणि चित्रपटाची प्रेरणा त्या चळवळीत होती. त्यात तीन कर्मचारी स्त्रिया आपल्या छळवादी साहेबाला चक्क डांबून ठेवतात आणि त्याच्या नावाने कचेरीत सुधारणा लागू करतात: सोयीच्या वेळा, एक काम दोघींत वाटून घेण्याची मुभा, पाळणाघर, समान वेतन. शेवटी कंपनीचा सर्वोच्च अधिकारी येतो, सगळ्याचे कौतुक करतो आणि जाता जाता सांगतो की समान वेतनाचे तेवढे रद्द करा. हसता हसता घास अडकावा असा तो क्षण आहे.

सव्वीस वर्षांनंतरच्या 'रनवे'च्या कचेरीत साहेबाच्या जागी बाई आहे, पण कामाच्या वेळा ठरवण्याची कल्पना कुणाच्या मनातही येत नाही. अँडी आणि एमिली यांचे दुःख एकच आहे, तरी त्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत. पॅरिसला कोण जाणार, एवढ्यावर त्यांचे नाते तोलले जाते. अन्यायाला १९८०च्या चित्रपटाचे उत्तर होते 'आपण तिघी मिळून'. २००६चे उत्तर आहे 'मी राजीनामा देते'. मधल्या काळात अमेरिकेतल्या कामगार संघटनांची सभासदसंख्या ओसरत गेली आणि कामाच्या जागेवरचा प्रश्न हा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न होऊन बसला. चित्रपट हे मुद्दाम सांगत नाही. त्याला ते इतके स्वाभाविक वाटते की सांगण्याची गरजच पडत नाही.

साहेबाच्या खुर्चीतली बाई

मिरांडाचे चित्रण हे या चित्रपटाचे मोठे यश. स्ट्रीप तिला कधी आवाज चढवू देत नाहीत. ती कुजबुजते, आणि खोलीतले सगळे कान टवकारतात. हा दबका आवाज आपण क्लिंट ईस्टवूड यांच्याकडून उचलला, असे स्ट्रीप यांनी सांगितले आहे. म्हणजे बाईच्या सत्तेचा स्वर शोधताना अभिनेत्रीला तो एका पुरुष दिग्दर्शकात सापडला! मिरांडा पुरुष असती तर तिच्या कर्तबगारीपलीकडे कुणी काही बोलले नसते, अशा अर्थाचे वाक्य अँडीच्या तोंडी आहे. पुढे पॅरिसच्या हॉटेलात, रंगरंगोटीविना, राखाडी झग्यात बसलेली मिरांडा घटस्फोटाची बातमी सांगते. तिला चिंता असते ती वर्तमानपत्रांत आपली काय प्रतिमा रंगवली जाईल याची आणि मुलींवर काय परिणाम होईल याची. लगेच पुढच्या क्षणी ती जेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसणार या कामाकडे वळते.

या प्रसंगामुळे मिरांडाला माणूसपण येते हे खरेच. पण कर्तबगार बाईला माणूस ठरवायचे तर तिचा संसार मोडलेला दाखवावा लागतो, ही जुनी खोड इथेही आहे. मासिकाचा मालक अर्व्ह रॅव्हिट्झ तिला हटवू पाहतो तेव्हा त्याच्या संसाराची चौकशी कुणी करत नाही. अँडीच्या बाबतीतही तेच. तिचा स्वयंपाकी मित्र नेट वाढदिवसाला ती उशिरा आली म्हणून रुसतो. मैत्रीण लिली तिने आणलेली महागडी बॅग आनंदाने घेते आणि तीच पुढे 'तू बदललीस' म्हणून तिला सुनावते. २००६ साली प्रेक्षकांनी नेटची बाजू बऱ्यापैकी मान्य केली होती. आज तरुण प्रेक्षक त्यालाच कथेतला खरा खलनायक म्हणतात. चित्रपट तोच राहिला. बाईने कामाला किती वेळ द्यावा याबद्दलची प्रेक्षकांची समजूत सरकली.

पडद्यामागची एक गोष्टही इथे नोंदवायला हवी. या भूमिकेसाठी आपल्याला सुरुवातीला देऊ केलेली रक्कम आपल्या मोलाच्या मानाने कमी होती आणि आपण ती वाढवून घेतली, असे स्ट्रीप यांनी नंतर सांगितले. तेव्हा त्या पंचावन्नच्या पुढे होत्या आणि त्यांच्या घरी दोन ऑस्कर होती. अशा अभिनेत्रीला मोल सांगावे लागले, यावरून सहायकांच्या टेबलावर काय परिस्थिती असेल याची कल्पना यावी.

स्वेटरचा इतिहास आणि त्यातली गाळलेली पाने

चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे निळ्या स्वेटरचा. दोन जवळजवळ सारख्या पट्ट्यांतून एक निवडताना मंडळी गंभीर झालेली पाहून अँडीला हसू फुटते. मिरांडा तिच्या अंगावरच्या ढगळ स्वेटरकडे पाहते आणि शांतपणे त्याची वंशावळ सांगते. हा रंग नुसता निळा नाही, 'सेरुलियन' आहे. तो आधी एका बड्या डिझायनरच्या झग्यांत आला, मग दुसऱ्याच्या जॅकेटांत, मग आणखी काहींच्या संग्रहांत, तिथून मोठ्या दुकानांत, आणि झिरपत झिरपत स्वस्त दुकानाच्या सवलतीच्या टोपलीत, जिथून तू तो उचललास. त्या निळ्यामागे कोट्यवधी डॉलर आणि असंख्य नोकऱ्या आहेत. फॅशनशी आपला संबंध नाही असे तुला वाटते, पण तुझा स्वेटर या खोलीतल्या माणसांनी तुझ्यासाठी निवडला आहे.

हे भाषण मला फार आवडते, कारण ते खरे आहे. 'मला कपड्यांतले काही कळत नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या बुद्धिजीवी वर्गाला त्यात चोख उत्तर आहे. बायकांचा म्हणून हिणवला गेलेला उद्योग किती गुंतागुंतीचा आहे, हे एका मिनिटात कळते. सत्ता आपल्या अंगावर कशी येऊन बसते आणि तिला आपण 'माझी आवड' कसे म्हणतो, हे समजावून सांगायला मला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही.

पण या वंशावळीत काही पाने गाळलेली आहेत. रंग डिझायनरकडून दुकानात आणि दुकानातून टोपलीत जातो. मधे तो विणला कुणी, रंगवला कुणी, शिवला कुणी? 'असंख्य नोकऱ्या' एवढ्या दोन शब्दांत ती सारी माणसे मावतात. कथा घडते त्या न्यूयॉर्कमध्येच २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले होते. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुण मुली होत्या आणि दारे कुलूपबंद होती. त्या आगीतून अमेरिकेतले अनेक कामगार कायदे जन्मले. चित्रपट आला तोवर शिवणकाम तिथून बहुतांशी निघून गेले होते. कापड-कपड्यांच्या जागतिक व्यापारावरची देशवार कोट्याची जुनी व्यवस्था १ जानेवारी २००५ रोजी संपली आणि काम जिथे मजुरी स्वस्त तिथे वेगाने धावू लागले. चित्रपटानंतर सात वर्षांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना कामावर बोलावले गेले. सवलतीच्या टोपलीतल्या स्वेटरच्या वंशावळीत ही इमारतही येते.

विनोदी चित्रपटाकडून एवढी अपेक्षा करावी का? हा आक्षेप रास्त आहे. पण चित्रपटानेच त्या दिशेला बोट दाखवले आहे, म्हणून मी ती करते. मुलाखतीच्या प्रसंगात अँडी आपली पात्रता सांगू लागते: सफाई कामगारांच्या संघटनेवर, त्यांच्या पिळवणुकीवर लिहिलेल्या लेखमालेला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आहे. ती वाक्य पुरे करण्याआधीच मिरांडा तिला थांबवते. प्रेक्षक हसतात. शेवटी वृत्तपत्रातल्या मुलाखतीत त्याच लेखांचे कौतुक होते आणि तिला नोकरी मिळते. सफाई कामगार या चित्रपटात असे दोनदा येतात, आणि दोन्ही वेळा कात्रणाच्या रूपाने. 'रनवे'चे चकचकीत काचेचे दालन रोज रात्री कोण पुसत असेल? अँडीला तो प्रश्न पडायला हवा होता. तिने त्यावर लेखमाला लिहिली होती. इतके महिने तिथे राबून तिला एकही झाडूवाला दिसत नाही.

दिसणारे आणि अर्धे दिसणारे

नायजेल (स्टॅनली टुची) हे चित्रपटातले सर्वांत हृद्य पात्र. सहा भावांच्या घरात वाढलेला मुलगा फुटबॉलच्या सरावाचे निमित्त सांगून शिवणाच्या वर्गाला जायचा आणि रात्री पांघरुणात टॉर्च धरून 'रनवे' वाचायचा, हे तो अँडीला सुनावतो. एका पिढीतल्या समलिंगी पुरुषांचे बालपण त्यात आहे, पण चित्रपट तो शब्द उच्चारत नाही. नायजेलला ना घर दिसते, ना जोडीदार. आपली खुर्ची वाचवायला मिरांडा त्याला कबूल केलेले पद दुसरीला देऊन टाकते, तेव्हा तो कडू गिळून म्हणतो, कधीतरी ती याची भरपाई करील. खात्री नसते, आशा असते. संस्थेवर निष्ठा ठेवून आयुष्य घालवलेल्या अनेक माणसांचा चेहरा मला तिथे दिसतो.

लिली (ट्रेसी थॉम्स) ही कृष्णवर्णीय मैत्रीण कलादालनात काम करते आणि अँडीच्या सदसद्विवेकाची राखणदारी करते. तिची स्वतःची गोष्ट नाही. मासिकाच्या निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती मात्र बहुतेक चेहरे गोरे आहेत. हे वास्तवाला धरून होते, असे म्हणता येईल. १९८८ ते १९९५ या काळात आंद्रे लिऑन टॅली हे कृष्णवर्णीय गृहस्थ 'व्होग'चे क्रिएटिव्ह डायरेक्टर होते, पण तो अपवाद होता. कृष्णवर्णीय लेखक, छायाचित्रकार, डिझायनर यांना वर आणण्यात 'व्होग' कमी पडले, अशी कबुली २०२०च्या जूनमध्ये खुद्द विंटूर यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात दिली.

शरीराचे चित्रण अधिक अस्वस्थ करते. सहा नंबरचे कपडे घालणारी अँडी इथे 'जाडी' ठरते आणि चार नंबरवर आल्यावर तिचा विजय होतो. एमिली काहीच खात नाही. चक्कर येईल असे वाटले तर चीजचा एक तुकडा, हा तिचा आहार. चित्रपट या वेडाची थट्टा करतो आणि त्याच वेळी बारीक झालेल्या अँडीला सुंदर कपड्यांत फिरवून त्याच वेडाला टाळीही देतो. चित्रपट ३० जून २००६ला प्रदर्शित झाला. ऑगस्टमध्ये उरुग्वेची मॉडेल लुइसेल रामोस एका शोदरम्यान मरण पावली. सप्टेंबरमध्ये माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने ठरावीक मर्यादेपेक्षा कृश मॉडेलांना मज्जाव केला. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची एकवीस वर्षांची आना कारोलिना रेस्तों गेली. एमिलीच्या चीजच्या तुकड्यावरचे हसू त्या वर्षअखेरीपर्यंत पातळ झाले असणार.

'लाखो मुली यासाठी जीव देतील'

या नोकरीसाठी लाखो मुली जीव टाकतील, हे वाक्य चित्रपटात पुन्हा पुन्हा येते. कमी पगार आणि अमर्याद तास यांचे समर्थन त्या एकाच वाक्यात आहे: बाहेर रांग लागली आहे, तेव्हा तक्रार करू नकोस. ही रांग मात्र सर्वांसाठी खुली नसते. न्यूयॉर्कसारख्या शहरात तुटपुंज्या पैशांवर वर्ष काढायचे तर मागे घर सुस्थितीत हवे. अँडीचे वडील जेवणानंतर निमूटपणे घरभाड्याचे पैसे तिच्या हाती ठेवतात, तो छोटा प्रसंग म्हणून महत्त्वाचा. ज्यांच्या वडिलांकडे ते पैसे नाहीत त्या मुली रांगेत उभ्याच राहू शकत नाहीत, आणि मग वीस वर्षांनी संपादकांच्या टेबलाभोवती एकाच वर्गातले चेहरे का, असा प्रश्न आपण विचारतो. 'व्होग'ची प्रकाशक कंपनी काँदे नास्ट हिच्यावर तिच्याच इतर नियतकालिकांतल्या माजी प्रशिक्षणार्थींनी २०१३ साली किमान वेतनासाठी दावा केला. कंपनीने प्रशिक्षणार्थी ठेवणेच बंद केले आणि २०१४मध्ये अठ्ठावन्न लाख डॉलरवर तडजोड झाली. चित्रपटात एकट्या अँडीने फोन कारंज्यात फेकून जे केले, त्याहून हे कमी देखणे, पण अधिक परिणामकारक होते.

वंशावळ उलटी वाचली तर

आता मिलानच्या चपलांकडे येऊ. मिरांडाच्या भाषणात सौंदर्य वरून खाली झिरपते. कोल्हापुरीच्या बाबतीत प्रवाह उलटा वाहिला. कातडे कमावणारा, तळ कापणारा, वेणी गुंफणारा, यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या घडलेला घाट वर चढला आणि चढताना आपले नाव खाली विसरून गेला. शोच्या वेळी त्या नुसत्या 'चामडी सँडल' होत्या. ओरड झाल्यावर, महाराष्ट्र चेंबरने पत्र पाठवल्यावर, प्राडाने भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले आणि जुलैमध्ये कंपनीचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले.

कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्याची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. प्राडाविरुद्ध काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा ती फेटाळताना न्यायालयाने विचारले तेही हेच: तुम्ही या मानांकनाचे नोंदणीकृत मालक आहात काय? नसाल, तर त्यांच्या वतीने कसे बोलता? कायद्याच्या भाषेत हा अधिकारितेचा प्रश्न. माझ्या वहीतला प्रश्न तोच आहे.

चर्मकार आणि ढोर समाजांच्या हातांनी हा धंदा उभा केला. त्याच कामासाठी त्यांना गावकुसाबाहेरची वागणूक मिळाली. मिलानच्या दिव्यांत त्या चपलेचे चित्रण झाले, तेही बिननावाचे. गदारोळात आपण सर्वांनी 'आपल्या महाराष्ट्राची चप्पल' म्हणून अभिमान मिरवला, आणि त्या 'आपल्या'मध्ये ज्यांनी ती केली त्यांचे नाव पुन्हा एकदा पुसट झाले. सुभाषनगरच्या दुकानात त्याच चपलेसाठी दोनशे रुपयांची घासाघीस करणारेही आपणच असतो. प्राडाला जाब विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच, फक्त तो प्रश्न मिलानपाशी संपवता येत नाही.

या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचे चित्रीकरण २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर झाले. छापील मासिकांचे दिवस फिरलेल्या काळात मिरांडा काय करते, हे पाहायला मी जाणार आहे, आणि भरपूर हसणारही आहे. तिने पुन्हा एखाद्या कपड्याची वंशावळ सांगितली, तर ती कुठून सुरू होते, एवढे मात्र मी वहीत लिहून घेईन.